लाईटहाऊसच्या मागून उगवणारा चंद्र: तीन पौर्णिमा गेल्या, फोटो काही जमत नाहीये

खाडीकाठ

नमस्कार मंडळी, गेल्या तीन पौर्णिमा मी एकाच फोटोच्या मागे लागलोय आणि तिन्ही वेळा हात हलवत परत आलोय. खाडीच्या पलीकडे टेकाडावर एक जुनं दगडी लाईटहाऊस आहे, अलीकडच्या काठावरून बघितलं की ते पूर्वेला येतं, म्हणजे पौर्णिमेचा चंद्र साधारण त्याच्याच मागून वर येतो. मनात चित्र एकदम पक्कं आहे, मोठा थोरला केशरी चंद्र, त्याच्यापुढे मनोरा, खाली पाणी, आणि आकाशात अजून थोडा उजेड शिल्लक.

प्रत्यक्षात काय होतं, तर चंद्र टिकलीएवढा येतो आणि तोही पांढराफटक, आतले डाग वगैरे काही दिसत नाहीत. एक्स्पोजर (फोटोत घेतला जाणारा उजेड) कमी केलं की चंद्र बरा दिसतो पण मग लाईटहाऊस आणि पाणी काळंकुट्ट. मागच्या वेळी तर अ‍ॅपमधे चंद्रोदयाची दिशा बघून, फोनच्या होकायंत्राने जागा धरून अर्धा तास आधी जाऊन उभा राहिलो, तरी चंद्र मनोऱ्याच्या डोक्यापर्यंत येईस्तोवर चांगला चार-पाच चंद्र मावतील इतका उजवीकडे गेलेला, आणि तोवर अंधारही पडला होता.

कॅमेरा क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान सेन्सरचा), लेन्स ७०-३०० मिलिमीटरची, ट्रायपॉड आहे. मी साधारण ४०० मीटरवरून काढतो. मनोरा अंदाजे २५ मीटर उंच आणि टेकाड पाण्यापासून वीसेक मीटर. तिन्ही वेळा पौर्णिमेच्याच दिवशी गेलो होतो.

६०० ची लेन्स घेतल्याशिवाय हे होणारच नाही का? की सुपरमूनची वाट बघू? आणि एक मित्र म्हणाला की असले फोटो सगळे दोन फोटो जोडूनच करतात, ते खरं आहे का? मला मनापासून एकाच फ्रेममधे काढायचाय.

दूरचा_माणूस

लेन्स राहू दे, आधी मागे जा. खूप मागे. तुझा सगळा घोटाळा त्या ४०० मीटरमधे आहे.

बघ, चंद्र आकाशात साधारण अर्धा अंश जागा घेतो, तू कुठेही उभा राहिलास तरी तेवढीच. लाईटहाऊस मात्र तू लांब गेलास की लहान होत जातं. म्हणजे चंद्र मोठा करायचा नसतो, मनोरा लहान करायचा असतो आणि मग दोघांना मिळून लेन्सने जवळ ओढायचं असतं. यासाठी ११० हा एकच आकडा लक्षात ठेव. एखादी वस्तू तिच्या उंचीच्या ११० पट अंतरावर असली की ती चंद्राएवढी दिसते. तुझा मनोरा २५ मीटर, म्हणजे २७५० मीटरवरून तो आणि चंद्र सारख्याच उंचीचे दिसतील. ४०० मीटरवरून मनोरा जवळजवळ सात चंद्रांएवढा उंच दिसतो, मग चंद्र टिकलीएवढा वाटणारच ना.

तुझ्या लेन्ससाठी मी म्हणेन १४०० मीटरच्या आसपास जा. तिथून मनोरा दोन चंद्रांएवढा उंच. आणि सेन्सरवर चंद्राचा आकार काढायलाही तोच ११० कामाला येतो, फोकल लेंथ भागिले ११०, म्हणजे ३०० ला साधारण २.७ मिलिमीटर. क्रॉप सेन्सरची उंची पंधरा-सोळा मिलिमीटर असते, म्हणजे फ्रेमच्या एक षष्ठांश उंचीचा चंद्र आणि एक तृतीयांश उंचीचा मनोरा. पाणी आणि आकाशाला जागा ठेवून याहून मोठं करायची गरजच नाही खरं तर. ६०० घेतलीस तर २७५० मीटरवरून जास्त जबरदस्त दिसेल हे मान्य, पण तेवढ्या अंतरात पाण्यावरची दमट हवा इतकी थरथरते की बऱ्याचदा मनोऱ्याच्या कडाच वितळल्यासारख्या येतात. मी स्वतः एक अख्खं वर्ष लांब लांब जाण्यात घालवलं आणि शेवटी दीड किलोमीटरवर परत आलो.

सुपरमूनची वाट अजिबात बघू नकोस. चंद्र सगळ्यात जवळ असतो तेव्हा सुमारे ३,५६,५०० किलोमीटर आणि सगळ्यात लांब असतो तेव्हा सुमारे ४,०६,७०० किलोमीटर, व्यासातला फरक चौदा टक्क्यांच्या आसपास. शेजारी शेजारी ठेवले तरच कळेल. आणि क्षितिजावर चंद्र मोठा वाटतो तो आपल्या डोळ्यांना, कॅमेऱ्याला नाही, उलट हवेतून प्रकाश वाकल्यामुळे तो खालून थोडा चेपलेलाच येतो. ते चेपलेपण मला फार आवडतं, कापू नकोस.

निळीवेळ

वरचं सगळं बरोबर, पण त्यांच्या पांढराफटक चंद्राचं उत्तर अंतरात नाही, ते दिवसात आहे. खाडीकाठ, तुम्ही पौर्णिमेला जाताय तिथेच चुकतंय, चतुर्दशीला जा.

चंद्र म्हणजे उन्हात पडलेला दगड आहे हे आधी डोक्यात बसवायचं. तो उंचावर असताना त्याचं एक्स्पोजर जवळजवळ दिवसाच्या उन्हासारखंच असतं, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ला एफ ११ (लेन्सचं छिद्र) आणि १/१२५ सेकंद शटरच्या आसपास. क्षितिजाजवळ मधे जाड हवा येते म्हणून तो दोन-तीन स्टॉप मंद होतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), धूळ असेल तर आणखी. म्हणजे तुम्हाला आजूबाजूचं जगही तितकंच उजळ असायला हवं, आणि ते असतं सूर्यास्ताच्या पाच-दहा मिनिटं आधीपासून ते पंधरा-वीस मिनिटं नंतरपर्यंत. बस. त्यापुढे लाईटहाऊस आणि चंद्र यांच्यातला फरक दर मिनिटाला वाढत जातो आणि मग कुठलाही कॅमेरा आणा, एक तरी जळणार नाहीतर एक तरी बुडणार. तुम्ही ऑटोवर काढत असाल तर कॅमेरा बिचारा सगळी काळी फ्रेम उजळ करायला बघतो आणि त्यात चंद्र जातो.

पौर्णिमेला चंद्र साधारण सूर्यास्ताच्या सुमारास किंवा नंतर उगवतो, पण 'उगवला' म्हणजे सपाट क्षितिजावर कड दिसली. तुमच्या टेकाडामुळे आणि मनोऱ्यामुळे तो दिव्याच्या उंचीला यायला अजून वेळ लागतो. ४०० मीटरवरून दिव्याची उंची सहा अंशांच्या वर जाते, म्हणजे चंद्रोदयानंतर जवळजवळ अर्धा तास! तोवर अंधार. १४०० मीटरवरून तेच दोन अंशांच्या आत, म्हणजे आठ-नऊ मिनिटं. आणि आदल्या दिवशी चंद्र सरासरी पन्नास मिनिटं आधी उगवतो (हा फरक जागेप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे बराच कमीजास्त होतो, म्हणून अ‍ॅपमधे तुमच्याच ठिकाणची वेळ बघा). तारखेपेक्षा हे बघा की चंद्र दिव्याच्या उंचीला येण्याची वेळ आणि सूर्यास्त यांच्यात किती मिनिटं आहेत. कधी चतुर्दशी बसते, कधी पौर्णिमा.

आणि एक गोष्ट लोक विसरतात, चंद्र पूर्वेला म्हणजे सूर्य तुमच्या पाठीमागे. मावळतीचं शेवटचं ऊन थेट मनोऱ्याच्या तुमच्याकडच्या बाजूवर पडतं, दगड सोन्यासारखा होतो. सूर्य गेला की पूर्वेला खाली एक निळसर करडा पट्टा चढायला लागतो, ती पृथ्वीची स्वतःची सावली, आणि तिच्यावर गुलाबी पट्टा. त्या गुलाबी पट्ट्यात चंद्र असताना दोन-तीन मिनिटं जे दिसतं त्यासाठी मी वर्षातून बाराही वेळा जायला तयार आहे.

व्हाईट बॅलन्स डेलाईटवर ठेवा, ऑटो ठेवलात की तो हा सगळा रंग धुऊन टाकतो. रॉ मधे, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमधे काढा.

खाडीकाठ

बाप रे, दोघांचेही खूप आभार, चतुर्दशीचं तर डोक्यातच आलं नव्हतं. आज नकाशा उघडून बसलो. लाईटहाऊसपासून बरोबर १४०० मीटरवर, पश्चिमेला, एक वाळूचा दांडा आहे, ओहोटीला उघडा असतो, तिथून समोर काहीच आड येत नाही. पण जागा नक्की कशी धरायची? होकायंत्राने मागच्या वेळी फसवलं. आणि फोकस कशावर करू, चंद्रावर की मनोऱ्यावर?

भरतीचं_गणित

दांड्यावर जाऊ नका, निदान भरतीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय तरी. पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, बऱ्याच ठिकाणी सगळ्यात मोठी भरती पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येते पण चतुर्दशीलाही पाणी नेहमीपेक्षा जास्त चढतं आणि जास्त उतरतं. यातली मजेची गोष्ट अशी की एखाद्या ठिकाणी पौर्णिमेला भरती साधारण घड्याळाच्या त्याच त्याच वेळेला येते, कारण भरती चंद्राबरोबर चालते आणि पौर्णिमेला चंद्र-सूर्याची जागा एकमेकांच्या समोर ठरलेली असते. म्हणजे एका पौर्णिमेच्या संध्याकाळी तुमचा दांडा पाण्याखाली असेल तर पुढच्या पौर्णिमेच्या संध्याकाळीही तो बहुतेक पाण्याखालीच असणार, तिथे नशीब आजमावण्यात अर्थ नाही. तुम्ही सगळं लक्ष व्ह्यूफाइंडरमधे लावून पूर्वेकडे बघत असता आणि पाणी मागून चढतं. मी एकदा गुडघाभर पाण्यातून ट्रायपॉड डोक्यावर धरून परत आलोय, अंधारात, प्रवाह ओढत होता, ती भीती अजून आठवते. बांध, धक्का, पक्की जागा शोधा.

आता जागेचं. फोनचं होकायंत्र सहज काही अंश चुकतं, आणि १४०० मीटरवर एक अंश म्हणजे २४ मीटर. म्हणून होकायंत्र वापरायचंच नाही, नकाशावर लाईटहाऊसवर पिन ठेवायची आणि तिथून उलट दिशेला रेघ ओढायची. फोटोपिल्ससारख्या अ‍ॅपमधे हे आयतं मिळतं, स्टेलॅरियममधेही त्या मिनिटाची दिशा आणि उंची बघता येते. पण दिशा चंद्रोदयाची घेऊ नका! चंद्र दिव्याच्या उंचीला आल्यावरची घ्या. उत्तर गोलार्धात चंद्र चढता चढता उजवीकडे सरकतो, विषुववृत्ताजवळ जवळजवळ सरळ वर जातो आणि जसजसं उत्तरेला जावं तसतसा जास्त तिरका. मागच्या वेळी तुमचा चंद्र उजवीकडे 'निघाला' नव्हता, तो अर्ध्या तासात तिकडे गेला.

आणि जागेवर बाजूला सरकायला मोकळी जागा हवीच. १४०० मीटरवर बारा-तेरा मीटर सरकलात की चंद्र मनोऱ्याच्या मानाने एक पूर्ण चंद्र सरकतो. तुम्ही ज्या बाजूला जाल त्याच बाजूला तोही येतो, चंद्र डावीकडे दिसतोय तर उजवीकडे जायचं. वेळ कमी असतो, चंद्र साधारण दोन मिनिटांत स्वतःच्या व्यासाएवढा पुढे जातो. त्यामुळे कुठल्या बाजूला पळायचं हे आधीच पाठ करून ठेवा, त्या क्षणी हमखास उलटं सुचतं.

अजून एक, मागच्या वर्षीचा कुणाचा फोटो बघून यंदाची जागा ठरवू नका. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या उलट वागतो, डिसेंबरमधे तो पूर्वेच्या बराच उत्तरेला उगवतो आणि जूनमधे दक्षिणेला, आणि त्यावर परत १८.६ वर्षांचं चक्र आहे. २०२४-२५ मधे हा झोका सगळ्यात मोठा होता, आता दरवर्षी थोडा थोडा आकसत जाईल. चतुर्दशी आणि पौर्णिमा या दोन लागोपाठच्या दिवसांतही दिशा काही अंशांनी बदलते, त्यामुळे दोन्ही दिवसांची गणितं वेगळी करा.

दूरचा_माणूस

फोकसचं राहिलं. मनोऱ्यावर कर, उजेड असतानाच, लाइव्ह व्ह्यू पूर्ण झूम करून हाताने, आणि मग ऑटोफोकस बंद करून रिंगला हात लावू नकोस. ३०० ला एफ ८ वर साधारण साडेपाचशे-सहाशे मीटरच्या पलीकडे फोकस असला की अनंतापर्यंत सगळं शार्प येतं, १४०० वर काळजीच नाही. हाच तर लांब जाण्याचा दुसरा फायदा.

शटर फार हळू नको. चंद्र सरकतो म्हणून लोक घाबरतात, पण १/३० लाही त्याने काही बिघडत नाही, बिघडतं ते वाऱ्याने लेन्स हलते त्याने. १/१२५ च्या आसपास राहा, आयएसओ २०० ते ४०० कर, दोन सेकंदांचा टायमर किंवा रिमोट वापर, ट्रायपॉडवर असताना लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद कर. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नकोस, बॅग खाली लटकव.

जुनी_निगेटिव्ह

जोडलेल्या फोटोंबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. जोडतात, बरेच जण जोडतात, आणि तसं स्पष्ट लिहिलं तर मला त्यात काही वावगं वाटत नाही. पण 'सगळेच' हे साफ खोटं आहे. आणि जोडलेला बहुतेक वेळा ओळखू येतो. चंद्र क्षितिजाला टेकलेला आणि तरी दुधासारखा पांढरा, कडा धारदार, हवेचा काही परिणामच नाही, किंवा रुंद लेन्सचा फोटो आणि त्यात अर्ध्या आकाशाएवढा चंद्र. हवा कधी कुणाला सोडत नाही हो.

एकाच फ्रेमचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे अमेरिकन फोटोग्राफर अ‍ॅन्सल अ‍ॅडम्सचा न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरचा चंद्रोदय. गाडीतून जाताना त्याला ते दृश्य दिसलं, घाईघाईने मोठा कॅमेरा लावला आणि लाईट मीटरच सापडेना. पण चंद्राची तेजस्विता त्याला पाठ होती, चौरस फुटाला २५० कॅंडल, त्यावरून त्याने मनातल्या मनात एक्स्पोजर काढलं. एक निगेटिव्ह झाली आणि दुसरी घेईपर्यंत पुढे दिसणाऱ्या कबरींच्या क्रॉसवरचं ऊन गेलेलं होतं. त्याने स्वतः तारीख लिहून ठेवली नव्हती, नंतर खगोल अभ्यासकांनी फोटोतल्या चंद्राच्या जागेवरून ती काढली, १ नोव्हेंबर १९४१. आणि तो चंद्रही पौर्णिमेचा नाही, आधीचाच आहे. निळीवेळ यांचा मुद्दा तिथेही लागू पडतो, जमिनीवर ऊन होतं म्हणून ते जमलं.

म्हणून सांगतो, चंद्राचं एक्स्पोजर तुम्हीही पाठ करा. मीटर काय म्हणतो ते बघत बसू नका, मॅन्युअलवर ठेवून हिस्टोग्राममधे (कॅमेऱ्यावरचा उजेडाचा आलेख) चंद्राचा भाग उजव्या टोकाला कापला जात नाही ना एवढंच बघा.

उलटा_किनारा

मधेच विचारतो, आमच्याकडे समुद्र पश्चिमेला आणि लाईटहाऊस समुद्राच्या बाजूला खडकावर, मग आम्ही काय करायचं?

निळीवेळ

पहाटे उठायचं! पौर्णिमेच्या आसपास चंद्र सूर्योदयाच्या सुमारास पश्चिमेला मावळतो, सगळं गणित तेच, फक्त उलटं, आणि पौर्णिमेनंतरची पहाट बहुतेक वेळा जास्त चांगली बसते कारण तेव्हा चंद्र सूर्योदयानंतरही थोडा वेळ वर असतो. शिवाय पहाटेची हवा बऱ्याचदा शांत असते. एकच अवघड, चंद्र खाली येतोय तसा मंद होत जातो आणि आकाश उजळत जातं, त्यामुळे शेवटी तो धुरकट हवेत विरूनच जातो. दिव्याच्या उंचीला असताना काढून घ्यायचा.

खाडीकाठ

मंडळी, जाऊन आलो!! चतुर्दशीला. लगेच लिहितोय.

दांडा सोडून दिला (खरंच संध्याकाळी भरती होती, दांड्याचं नावनिशाण नव्हतं). त्याच्या थोडं मागे दगडी बांध आहे, उत्तर-दक्षिण जातो, म्हणजे सरकायला जागा आयतीच. अ‍ॅपनुसार चंद्रोदय सूर्यास्ताच्या ८ मिनिटं आधी. मी दीड तास आधी गेलो, मनोऱ्यावर फोकस केला, रिंगला टेप लावली, आणि नकाशावरच्या रेघेच्या जागी बांधावर खडूने खूण केली, तिच्या दोन्ही बाजूंना पावलं मोजून आणखी खुणा.

चंद्रोदयाची वेळ झाली आणि काहीच दिसेना. क्षितिजावर करडा थर होता, मला वाटलं गेली ही पण. मग पाचेक मिनिटांनी टेकाडाच्या कडेवर, मनोऱ्याच्या पायथ्याशी, एक फिकट गुलाबी गोल दिसला, इतका फिकट की आधी मला तो लेन्सवरचा डाग वाटला. डावीकडे होता, जवळजवळ एक चंद्र. भरतीचं_गणित, तुमचं वाक्य मोठ्याने म्हणत उजवीकडे तेरा मीटर पळालो, आणि तो खरंच आला हो मनोऱ्याच्या मागे! एवढा मोठा चंद्र माझ्याबरोबर चालत आल्यासारखं वाटलं, अंगावर काटा आला.

एफ ८, १/१२५, आयएसओ २०० ने सुरुवात केली. दिवा चंद्राच्या बरोबर मधोमध आला तेव्हा सूर्य नुकताच गेला होता आणि मनोऱ्यावर अजून कोमट उजेड होता. चंद्रातले डाग दिसतायत, दगडांमधल्या सांधेरेषा दिसतायत, पाण्यात गुलाबी रंग. एकाच फ्रेममधे. चाळीसेक फोटोंपैकी तीन असे आलेत की मी ते आत्तापर्यंत किती वेळा उघडून बघितले सांगता येत नाही. आईला दाखवला तर ती म्हणाली, हे आपल्याच खाडीचं आहे का.

एकच रुखरुख. लाईटहाऊसचा दिवा पेटला तो सूर्यास्तानंतर दहा मिनिटांनी, तोवर चंद्र चार चंद्र वर निघून गेलेला. पेटलेला दिवा आणि चंद्र शेजारी, हे राहिलं.

दूरचा_माणूस

सुंदर झालंय रे. मनापासून अभिनंदन. पेटलेल्या दिव्यासाठी आता चंद्रोदय सूर्यास्तानंतर पाच-सात मिनिटांनी असेल तो दिवस शोध, म्हणजे चंद्र दिव्यापाशी येईल तेव्हा दिवा चालू असेल आणि आकाशही पूर्ण विझलेलं नसेल. आणि झोताचा फेरा किती सेकंदांचा आहे ते घड्याळाने मोजून ठेव, १/६० ला एकेक क्लिक केलंस तर झोत नेमका दुसरीकडे असतो, त्यामुळे फेरा यायच्या आधी एक सेकंद रिमोट दाबून धर आणि सलग काढत राहा.

खाडीकाठ

बघितलं. पुढच्या महिन्यात पौर्णिमेच्या दिवशीच तसं बसतंय, चंद्रोदय सूर्यास्तानंतर ६ मिनिटांनी. पण दिशा यावेळेपेक्षा तीन अंश उत्तरेला आहे, म्हणजे मला बांधावर दक्षिणेकडे जवळजवळ ७३ मीटर जावं लागेल. बांध तिथपर्यंत जातो की आधीच संपतो ते उद्या सकाळी ओहोटीला चालत जाऊन बघतो.